मिस्ड कॉलचे नियम

काही वस्तू अशा असतात, की बनवणाऱ्याच्या मनात एक असते आणि वापरणाऱ्याच्या मनात दुसरेच. मोबाइल फोन ही अशीच एक वस्तू. फोन बनवणाऱ्यांना वाटले, लोक नंबर लावतील, बोलतील आणि बोलण्याचे पैसे भरतील. पण लोकांनी न बोलता बोलण्याची युक्ती शोधून काढली. नंबर लावायचा, पलीकडे घंटी वाजू द्यायची आणि कोणी उचलण्याआधी फोन बंद करायचा. पैसा खर्च होत नाही, निरोप मात्र पोहोचतो. यालाच आपण 'मिस्ड कॉल' म्हणतो.

तुम्हांला कदाचित याचे नवल वाटेल. आज फोनवर कितीही वेळ बोलता येते. पण पूर्वी तसे नव्हते. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या काळी फोन करणे तर महाग होतेच, पण आलेला फोन घेतला तरी पैसे पडत. २००३ मध्ये येणारे फोन मोफत झाले. तरीही फोन करणाऱ्याला प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवावा लागे. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला तो हिशेब परवडत नसे.

आमच्या घरी मिस्ड कॉलची एक भाषाच तयार झाली होती. माझे चाचा भिवंडीत यंत्रमागावर काम करीत. एकदा घंटी वाजून बंद झाली, म्हणजे ते कामावरून खोलीवर सुखरूप पोहोचले. लागोपाठ दोनदा वाजली, म्हणजे ते गावी यायला निघाले. पुन्हा पुन्हा वाजत राहिली, म्हणजे काम तातडीचे आहे, इकडून फोन करा. माझी दादी शाळेत गेली नव्हती. तिला अक्षरे वाचता येत नव्हती. पण या घंट्या तिला बरोबर वाचता येत. रात्री एक घंटी आली, की ती 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणे आणि निश्चिंत मनाने झोपी जाई. त्या एका घंटीत तिच्या मुलाची सारी खुशाली सामावलेली असे.

काही लोक मात्र मिस्ड कॉल देणाऱ्याला नावे ठेवीत. "चार आणे वाचवायला दुसऱ्याला त्रास देतात," असे म्हणत. एखादी गोष्ट गरीब माणूस करतो, तेव्हा तिला कंजूषपणा म्हणणे सोपे असते. ती तो का करतो आणि कशी करतो, हे विचारायला मात्र फार थोडे लोक जातात.

असे विचारायला गेलेल्या एका अभ्यासकाची मला नेहमी आठवण होते. त्यांचे नाव जोनाथन डोनर. लोक मोबाइल फोन कसा वापरतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. आफ्रिका खंडातील रवांडा या लहानशा देशात त्यांनी छोटे व्यावसायिक आणि विद्यापीठातील विद्यार्थी यांच्या मुलाखती घेतल्या. तुम्ही मिस्ड कॉल कोणाला देता, कशासाठी देता, कोणाला देत नाही, हे जाणून घेतले. त्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

डोनर यांना मिस्ड कॉलचे तीन प्रकार आढळले. पहिला प्रकार म्हणजे 'मला फोन कर' अशी विनंती. दुसरा म्हणजे आधी ठरवलेला निरोप. जसे, 'मला न्यायला ये'. तिसरा प्रकार सर्वांत गोड. त्यात काम काहीच नसते. 'मला तुझी आठवण आली' एवढेच त्या घंटीने सांगायचे असते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या घंट्यांना नियम होते आणि ते कोणीही लिहून ठेवलेले नव्हते. दोघांपैकी ज्याच्याजवळ पैसे जास्त, त्याने फोन करायचा, हा पहिला नियम. दुकानदाराने गिऱ्हाइकाला मिस्ड कॉल द्यायचा नाही. कारण गरज दुकानदाराची असते. ज्याच्याकडून काही मदत हवी आहे, त्यालाही द्यायचा नाही. म्हणजे पाहा, ज्याला लोक फुकटेपणा म्हणत होते, त्यात लहानथोरांचा मान होता, आपुलकी होती आणि न्यायही होता. हजारो कोसांवरच्या त्या देशातले नियम वाचताना मला आमच्या घरचे नियम आठवले. माझ्या अब्बांचा पगार चाचांपेक्षा बरा होता. म्हणून चाचा मिस्ड कॉल देत आणि फोन अब्बा करीत. अब्बांनी चाचांना कधी मिस्ड कॉल दिला नाही.

ही रीत काही एकाच देशाची नव्हती. नायजेरियात तिला 'फ्लॅशिंग' म्हणत, इटलीत 'स्क्विलो', तर फिलिपाइन्समध्ये 'मिसकॉल'. देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण गरज एक, म्हणून युक्तीही एक.

फोन कंपन्यांना हे मिस्ड कॉल नकोसे वाटणे साहजिक होते. त्यांची यंत्रणा वापरली जाई आणि मिळकत काहीच होत नसे. पण पुढे त्याही लोकांपासून शिकल्या. दक्षिण आफ्रिकेत व्होडाकॉम या कंपनीने २००१ मध्ये 'मला फोन करा' असा संदेश मोफत पाठवण्याची सोय सुरू केली. आपल्या देशात तर मिस्ड कॉल देऊन बँकेतली शिल्लक कळू लागली. २०२१ मध्ये इंडेनचा गॅस सिलिंडर मागवण्यासाठीही ही सोय झाली. जी युक्ती गरिबांनी काढली, तीच मोठमोठ्या संस्थांनी उचलली.

अशी गोष्ट पूर्वीही घडली होती. अमेरिकेत तारांचा टेलिफोन नवा होता, तेव्हा तो विकणाऱ्यांना वाटे, की हे साधन व्यापारासाठी आणि महत्त्वाच्या कामांसाठी आहे. स्त्रिया त्यावर गप्पा मारतात, हे त्यांना आवडत नसे. पण स्त्रियांनी गप्पा सोडल्या नाहीत. दूरच्या शेतांवर एकट्या राहणाऱ्या बायकांना त्या गप्पांचा केवढा तरी आधार होता. शेवटी कंपन्यांनाच आपले मत बदलावे लागले. क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात हा इतिहास सांगितला आहे.

या अभ्यासांतून मी एक गोष्ट शिकलो. यंत्राची माहिती हवी असेल, तर ते उघडून पाहावे. पण यंत्राचा उपयोग जाणायचा असेल, तर माणसांना विचारावे. संशोधन म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा आणि काचेच्या नळ्या येतात. पण कोणालाही न हसता शांतपणे विचारणे, उत्तर जसेच्या तसे लिहून घेणे आणि मग त्यावर विचार करणे, हेही संशोधनच आहे. त्यासाठी वही आणि पेन पुरे होते. मात्र विचारण्याआधी परवानगी घ्यावी आणि कोणाची खासगी गोष्ट चारचौघांत सांगू नये.

आता खुशाली कळवण्यासाठी मिस्ड कॉल फारसे कोणी देत नाही. २०१६ नंतर बोलणे खूप स्वस्त झाले. पण लोकांच्या युक्त्या थांबलेल्या नाहीत. ज्यांना लिहिता येत नाही, ते आपल्या आवाजातला निरोप पाठवतात. कोणी दुकानातल्या कापडाचा फोटो पाठवून घरच्यांची पसंती विचारतो. कोणी परदेशातल्या मुलाला फोनवर ईदचे दस्तरखान दाखवतो. यांतले काहीच फोनच्या डब्यातल्या माहितीपत्रकात लिहिलेले नसते.

तुमच्या घरातही अशी एखादी रीत नक्कीच असेल. एकदा दादीजवळ किंवा नानीजवळ बसा आणि ती फोन कसा वापरते, हे तिलाच विचारा. तिला शिकवायची घाई करू नका. आधी तिच्याकडून शिकून घ्या.