एका शेऱ्याची कैफियत

संपादक महाशयांनी ‘रक्ततपासणी आणि आपण’ या विषयावर सर्वांस कळेल असा लेख मागितला, तेव्हा मधुमेहावर चार पाने मिळतील अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु ज्या तपासणीचे नाव दिवाळी अंकात छापणे अद्याप अनेकांस अप्रशस्त वाटते, त्या उपदंशाच्या, म्हणजे गरमीच्या, रक्तपरीक्षेवरच लिहिण्याचा हट्ट मी धरला, कारण गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माझ्यापुढे आलेले एक प्रकरण अजून मनातून हटत नाही.

एका तालुक्याच्या गावची बाई; तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही. चौथ्या खेपेस नाव नोंदविताना रक्त तपासले, आणि कागदावर शेरा पडला : ‘व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह’. किती प्रमाणात, दुसऱ्या कसोटीने खातरजमा केली की नाही, याचा कसलाही तपशील नाही. तो कागद डॉक्टरांच्या आधी सासूबाईंच्या हाती गेला, शेजारच्या शिकलेल्या मुलीने त्याचा अर्थ सांगितला, आणि मागच्या तिन्ही गर्भपातांचा उलगडा झाला असे समजून घरच्यांनी निकाल लावून टाकला. नवरा मात्र शहाणा. तो तिला घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “डॉक्टरसाहेब, दोघांचंही रक्त घ्या, आणि जे असेल ते दोघांसमोरच सांगा.”

आता थोडे शास्त्र. या रोगाचा मळसूत्री जंतू १९०५ साली शाउडिन आणि हॉफमन यांनी दाखविला. पण इतर जंतूंप्रमाणे तो प्रयोगशाळेत सुखासुखी वाढत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये रक्तात शोधावी, असा मार्ग १९०६ साली वासरमान, नायसर आणि ब्रुक यांनी काढला. उपदंशाने मेलेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क त्यांनी वापरला. त्यात जंतू भरपूर, सबब प्रतिद्रव्ये त्यास ओळखतात, हा तर्क सरळ होता. पुढे असे निष्पन्न झाले की, निरोगी अवयवाचा, फार काय, बैलाच्या हृदयाचा मद्यार्कात काढलेला अर्कही तेच काम तितक्याच इमानाने करतो! तर्क कोसळला आणि परीक्षा टिकली. वैद्यकाच्या इतिहासात असे विनोद विरळा. त्या हृदयातला नेमका स्निग्ध पदार्थ, कार्डिओलिपिन, १९४१ साली मेरी पँगबॉर्न यांनी वेगळा केला, आणि त्यात लेसिथिन व कोलेस्टेरॉल मिसळून १९४६ साली अमेरिकेत आजची व्हीडीआरएल परीक्षा सिद्ध झाली. तात्पर्य, ही परीक्षा जंतूला पाहतच नाही. पेशींची पडझड होऊन हा पदार्थ उघडा पडला की त्याविरुद्ध शरीर जी तक्रार गुदरते, तेवढीच ती नोंदविते. पडझड कोणी केली, हे तिला विचारू नये.

वाचकांस कंटाळा येईल हे जाणूनही कृती सांगतो, कारण ती माझ्या हातातली आहे. रक्तद्रव छप्पन्न अंशांवर अर्धा तास तापवायचा. काचपट्टीवरील वर्तुळात त्याचा ०.०५ मिलिलिटर थेंब घालून त्यावर सुईने, त्याच दिवशी कालविलेल्या अँटिजेनचा एक थेंब टाकायचा; मिनिटास १८० फेऱ्या, अशी चार मिनिटे पट्टी फिरवायची, आणि थेंब सुकण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. बारीक काड्यांसारखे कण सारखे विखुरलेले असले तर नकार. त्यांचे पुंजके जमले तर होकार. मग रक्तद्रव दुपटीदुपटीने पातळ करीत पुंजके कुठवर टिकतात ते पाहायचे, आणि १:८, १:१६ असा आकडा लिहायचा. प्रतिद्रव्ये फारच असली तर मूळ थेंब फसवा नकार देतो आणि पातळ केल्यावरच होकार उमटतो. हे ओळखण्यास डोळा तयार असावा लागतो, आणि माझा आहे, असे नम्रतेचा फारसा देखावा न करता सांगतो.

हिवतापात, कुष्ठरोगात, वार्धक्यात, क्वचित निव्वळ गरोदरपणातही या परीक्षेचा होकार येतो. मूर आणि मोर यांनी १९५२ सालीच बजावले होते की, असा होकार महिनोन्‌महिने टिकला तर त्यामागे दुसरी एखादी गंभीर व्याधी दडलेली असू शकते. पण आपल्याकडे हा कागद वैद्यकीय पुरावा म्हणून कोण वाचतो? तो चारित्र्याचा दाखला म्हणून वाचला जातो, आणि तोही बहुधा बायकांच्याच.

येथे आमच्या क्षेत्रातील एका वादात शिरणे भाग आहे. जुना शिरस्ता असा की, आधी व्हीडीआरएल करावी आणि होकार आला तर जंतुविशिष्ट टीपीएचए करावी. नवे फर्मान असे की, जंतुविशिष्ट परीक्षा यंत्रावर आधी, आणि आमची काचपट्टी नंतर. यंत्र थकत नाही, शेकडो नमुने हातावेगळे करते, जुना दडलेला रोग पकडते. रक्तपेढीत, जेथे प्रत्येक पिशवी तपासणे कायद्याने बंधनकारक आहे, तेथे त्याला माझी हरकत नाही. परंतु त्याचा होकार, दंडावरच्या देवीच्या व्रणाप्रमाणे, रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर राहतो; शिवाय बालपणी यॉज झालेल्या वृद्ध आदिवासी माणसालाही ते यंत्र त्याच रकान्यात बसविते, कारण दोन्ही जंतू सख्खे भाऊ. पेनिसिलिनचा गुण आला की नाही, हे १:३२ चा आकडा १:८ वर उतरला म्हणजे कळते, आणि तो आकडा काचपट्टीच देते. हे मी अनेक परिषदांत, तरुण मंडळी घड्याळाकडे पाहत असता, सांगितले आहे.

परंतु या बाईच्या प्रकरणाने माझीच बाजू लंगडी केली. तिची व्हीडीआरएल १:४, टीपीएचए पूर्ण नकारार्थी. नवऱ्याच्या दोन्ही नकारार्थी. यंत्र आधी असते तर तिच्या कपाळी तो शेरा आलाच नसता. मात्र मग कार्डिओलिपिनविरुद्धची प्रतिद्रव्ये स्वतंत्रपणे तपासावी, असे तरी कोणास सुचले असते? ती तपासली, भरपूर निघाली, आणि बारा आठवड्यांनी पुन्हा निघाली. वारेत रक्ताच्या गुठळ्या होऊन गर्भ जातो, अशी ती व्याधी. ॲस्पिरिन आणि हेपारिनवर तिचे दिवस भरले आणि माघात मुलगी झाली. कोणता क्रम बरा, याचे उत्तर मी पूर्वीइतक्या ठासून आता देत नाही.

प्रसूतीच्या ठिकाणी मात्र तोच पहिला कागद फाइलीत वर होता. बाईला कोपऱ्यातली खाट मिळाली, बाळाचे रक्त तपासले, आणि ते ‘रिॲक्टिव्ह’ आले. येणारच, आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाकडे उतरतात. दहा दिवस पेनिसिलिनची सुई ठरली, तेव्हा बापाचा मला फोन आला, आणि तेथील डॉक्टरांशी बोलून मी ती थांबविली. सहाव्या महिन्यात मुलीच्या दोन्ही परीक्षा नकारार्थी आल्या. तसा दाखला मी सहीशिक्क्यानिशी दिला. ज्या दवाखान्याने पहिला शेरा मारला, त्यास पत्र लिहून तो दुरुस्त करण्याची विनंती केली असता, एकदा संगणकात चढलेला निकाल बदलण्याची सोय नाही, असे उत्तर आले. तेही तोंडीच.