पंधरा मिनिटं पुढचा देश

"आई, आपण दोघंच आहोत म्हणून आपल्याला परदेशात जाता येत नाही का गं?"

दोस्तांनो, आमच्या चिरंजिवांनी हा प्रश्न जेवताना विचारला आणि माझा घास हातातच राहिला. त्या दिवशी वर्गात म्हणे सुट्टीच्या बेतांवर गप्पा रंगल्या होत्या. कुणी सिंगापूरला निघालं होतं, कुणी दुबईला. आमच्या पठ्ठ्याने "मी मामाकडे, सिन्नरला" असं सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी फिस्सकन हसलं होतं.

आमच्या घरात आम्ही दोघंच. मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा. मिळवती मी एकटी, त्यामुळे पैसे मोजूनमापून खर्चायचे हे आलंच. पण खरं सांगू? मला पैशांपेक्षा जास्त धास्ती होती ती अर्जांची. शाळेचा अर्ज असो की बँकेचा, 'वडिलांचे नाव' आणि 'वडिलांची सही' हे रकाने आले की आमचं पेन अडखळतं. खिडकीपलीकडचा माणूस मान वर करून आमच्याकडे बघतो. परदेश म्हणजे पासपोर्ट, आणि पासपोर्ट म्हणजे पुन्हा तेच रकाने! म्हणून "पुढच्या वर्षी बघू" असं म्हणत मी तीन वर्षं ढकलली होती.

त्या रात्री मात्र भिंतीवरचा नकाशा काढून जमिनीवर पसरला. "रेल्वेने आणि बसने जाता येईल असा परदेश शोध बघू," मी म्हटलं. चिरंजिवांचं बोट फिरत फिरत दोन देशांवर थांबलं, भूतान आणि नेपाळ.

गंमत म्हणजे या दोन्ही देशांत जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, आणि पासपोर्टच हवा असंही नाही. मोठ्या माणसाला निवडणूक ओळखपत्र चालतं. नेपाळसाठी पंधरा वर्षांखालच्या मुलांना फोटो आणि वय दाखवणारं ओळखपत्र पुरतं. २०१९ पासून त्यांना आधार कार्डही चालू लागलं. (पासष्टी न ओलांडलेल्या आईबाबांना मात्र नुसतं आधार घेऊन निघता येत नाही, बरं का!) भूतानमध्ये भारतीय पाहुण्याला दर रात्री माणशी १२०० रुपये शुल्क भरावं लागतं, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मं. नेपाळमध्ये असं रोजचं शुल्क नाही. झालं, नेपाळ ठरलं!

मग कामं वाटून घेतली. मी झाले कॅप्टन आणि तो झाला खजिनदार. त्याला एक लाल वही आणून दिली. पहिला धडा त्याला घरीच मिळाला. रेल्वेत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं, पण २०१६ पासून स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं भरावं लागतं. "मी तुझ्याजवळ झोपेन," खजिनदार उदारपणे म्हणाले. पण तीस तासांचा प्रवास! शेवटी स्लीपरची दोन पूर्ण तिकिटं काढली आणि लाल वहीत पहिला आकडा पडला.

२०२३ च्या एप्रिल अखेरीला, परीक्षा संपल्यावर, आम्ही नाशिक रोडहून गोरखपूरला निघालो. दोघांच्या पाठीवर एकेक पिशवी, बस्स! आपण एकटं मोठं माणूस असलो की सामान म्हणजे शत्रूच. एक हात पोराचा, एक हात तिकिटांचा, मग बॅग धरायला तिसरा हात आणायचा कुठून?

गोरखपूरचा फलाट किती लांब आहे माहीत आहे? १३६६ मीटर! जगातला सगळ्यात लांब फलाट म्हणून तो ओळखला जायचा. मार्च २०२३ मध्ये कर्नाटकातल्या हुबळीच्या १५०७ मीटर लांबीच्या फलाटाने त्याला मागे टाकलं. "म्हणजे आपण एक महिना उशिरा आलो," चिरंजीव हळहळले. तिथून सुनौलीची सरहद्द बसने सुमारे तीन तास.

सरहद्द म्हटल्यावर आमच्या डोळ्यांसमोर काटेरी तारा होत्या. प्रत्यक्षात काय? एक मोठी कमान, आणि तिच्याखालून सायकली, हातगाड्या, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे आपले ये-जा करताहेत! एका शिपायाने आमची ओळखपत्रं पाहिली. मग मुलाकडे बघत विचारलं, "पापा साथ नहीं हैं?"

माझ्या पोटात गोळा आला. जन्मदाखला काढायला मी पिशवीत हात घातला. तेवढ्यात चिरंजीवच म्हणाले, "हम दोनों ही हैं."

शिपायाने मान डोलावली. "ठीक है, जाओ. धूप बहुत है, टोपी पहन लो."

एवढंच! ज्या प्रश्नाला मी तीन वर्षं घाबरत होते, त्याचं उत्तर चार शब्दांचं निघालं. आणि ते मला नाही, त्याला ठाऊक होतं.

कमानीपलीकडे पहिलं काम म्हणजे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा तेवढीच पुढे आहे. दुसरं काम रुपयांचं. आपल्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. खजिनदारांनी लगेच सूत्र काढलं: नेपाळी रकमेला आठाने भागा, पाचाने गुणा, की भारतीय रुपये तयार! तिथे भाव ठरवताना "आयसी की एनसी?" हे विचारायलाच हवं. आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. एका रिक्षावाल्याने "तीनशे" म्हणताच आमच्या खजिनदारांनी तो प्रश्न टाकला. तो माणूस हसायलाच लागला.

आणि मग त्याला एक कॅलेंडर दिसलं. "आई! इथे २०८० साल आहे! आपण सत्तावन्न वर्षं पुढे आलो!" नेपाळमध्ये सरकारी कारभार विक्रम संवताप्रमाणे चालतो ना, त्याचा हा परिणाम.

सगळ्यात मोठी चैन वेगळीच होती. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात! सिंगापूरला गेलेल्या मुलांना चिनी पाट्या कुठे वाचता आल्या असत्या? आमचा पठ्ठ्या मात्र बसच्या खिडकीतून धडाधड वाचत सुटला. 'पसल' म्हणजे दुकान, 'चिया' म्हणजे चहा. पाच मिनिटांत दहा शब्द पाठ.

या खेळाचा उपयोग त्याच रात्री झाला. लुंबिनीच्या बाजारात एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये आम्ही उतरलो होतो. दिवसभराच्या उन्हाने त्याला सणकून ताप भरला. मी पिशवी उलटीपालटी केली. औषधांचा डबा नाशिकला, ओट्यावर राहिला होता! चूक माझीच. बाहेर अंधार, गाव परकं. त्याला एकटं सोडून जायचं कसं आणि न जायचं तरी कसं? घरात दुसरं मोठं माणूस नसण्याची भीती मला तेव्हा जितकी वाटली, तितकी कधीच वाटली नव्हती.

शेवटी मालकीणबाईंचं दार ठोठावलं. त्यांना मी 'दिदी' म्हणत होते. त्या पाण्याचं भांडं आणि फडकं घेऊन आल्या आणि त्याच्या उशाशी बसल्या. "औषधाचं दुकान कुठे आहे?" मी विचारत होते, तर तापातच चिरंजीव पुटपुटले, "सायकलवाल्याच्या शेजारी. निळी पाटी. औषधि पसल."

मी पळत गेले. निळी पाटी होती! दुकान बंद होत होतं, पण गोळ्या आणि मीठ-साखरेच्या पुड्या मिळाल्या. परत आले तर तो दिदींच्या मांडीवर झोपला होता.

एक दिवस विश्रांती घेऊन आम्ही मायादेवी मंदिर पाहिलं. इथे सिद्धार्थ गौतमाचा जन्म झाला. शेजारी सम्राट अशोकाचा स्तंभ आहे. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर अशोक इथे आला आणि बुद्धाचा जन्म इथला म्हणून त्याने या गावाचा कर कमी केला, असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलंय. ही अक्षरं काही चिरंजिवांना वाचता येईनात. पण आपली देवनागरी याच ब्राह्मीची लांबची नात आहे, हे कळल्यावर त्याने स्तंभाला नमस्कार केला.

"आणि मायादेवी?" त्याने विचारलं. बाळ सात दिवसांचं असताना ती गेली, मग मावशीने, महाप्रजापती गौतमीने, त्याला वाढवलं, असं मी सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्यांच्याकडेही एक माणूस कमीच होतं." मी काही बोलले नाही. आम्ही तलावाच्या काठी बसून चुरमुरे खाल्ले.

पुढे वळणावळणाच्या घाटरस्त्याने पोखराला गेलो. दोन दिवस धुरकट हवेमुळे एकही शिखर दिसेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धो धो पाऊस कोसळला आणि सकाळी खिडकीत ६९९३ मीटर उंचीचं माच्छापुच्छ्रे उभं! नाव 'माशाची शेपटी', आणि शिखरही तसंच दुभंगलेलं. त्या दिवशी लाल वहीत फक्त दोन थाळ्यांचा खर्च आहे. बाकी दिवसभर आम्ही नुसतं बघत बसलो.

नऊ दिवसांचा दोघांचा सगळा खर्च १७ हजारांच्या आत बसला. कसा? एक खोली, एक पलंग, साधी बस आणि दोन्ही वेळा डाळभात. डाळ आणि भात पुन्हा पुन्हा वाढतात, त्यामुळे वाढत्या वयाच्या पोटाची चंगळ!

आता दोन शब्द तुमच्या आईसाठी किंवा बाबांसाठी. नव्या गावात उजेडी पोहोचा. मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवा, आणि दुसरे पालक असतील तर त्यांचं संमतिपत्रही. हल्ली रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, ती तारीख चुकवू नका. आणि औषधांचा डबा सगळ्यात आधी भरा!

परत आल्यावर आम्ही पासपोर्टसाठी अर्ज केला. मोठ्यांना १५०० रुपये, मुलांना १०००. तेव्हा मला कळलं, की डिसेंबर २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे आई किंवा वडील, दोघांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. म्हणजे ज्या रकान्याला मी भीत होते तो केव्हाच आडवा येईनासा झाला होता! चिरंजिवांनी आईच्या नावाचा रकाना एकेक अक्षर तपासत भरला. वडिलांचा रिकामा ठेवला आणि सरळ पुढच्या ओळीवर गेले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मागच्या बाकावरच्या त्याच मित्राला म्हणे त्याने विचारलं, "तू दुबईला गेलास ना? तिथे कितवं साल चालू होतं?"

पुढच्या सहलीसाठी लाल वहीत नवं पान उघडलंय. देश अजून ठरायचा आहे. खजिनदार साहेब हिशेब करताहेत.