पितळेला आधी कल्हई

आमच्या कोडोलीला रेल्वे नाही. आगगाडी बघायची तर एस.टी.नं कोल्हापूर गाठायचं. लहानपणी एकदाच मी वाफेच्या गाडीत बसलो. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसाला अब्बा आम्हाला घेऊन गेले होते तेव्हा. कोल्हापूर-मिरज लाईन १८९१ सालची. त्या वेळी ती मीटरगेज होती, १९७१ साली रुंद झाली. मिरजेला उतरल्यावर अम्मी दर्ग्याकडं निघाली आणि मी इंजिनापाशी खिळून राहिलो.

अब्बा कल्हईवाले. जोतिबाच्या चैत्रयात्रेआधी आणि ईदच्या आधी त्यांना उसंत नसायची. गल्लीच्या तोंडाला खड्ड्यात भट्टी, शेजारी चामड्याचा भाता. भांडं तापलं की नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाचा बोळा गरकन फिरवायचा. पांढरा धूर उठायचा आणि काळंकुट्ट पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. भाता ओढायला मला बसवत. वर्गातली पोरं रस्त्यानं जाताना दिसली की मी मान खाली घालायचो.

पाचवीत गुरुजींनी प्रत्येकाला वडिलांचा धंदा विचारला. माझ्या तोंडून निघून गेलं, "रेल्वेत आहेत. इंजिनावर." धूर, कोळसा आणि काळे हात एवढं तर खरं होतंच. पुढं आठवड्याभरात त्याच गुरुजींच्या घरची घागर आणि दोन पातेली आमच्या भट्टीवर आली. अब्बा मला काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

२००९ च्या उन्हाळी सुट्टीत इंग्लंडात नोकरीला असलेला भाचा आला आणि मामूला म्हणून एक खोकं देऊन गेला. आत वाफेच्या इंजिनाचे साठेक सुटे भाग होते. मला खरं तर माथेरानचं इंजिन हवं होतं. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०४ ते १९०७ या काळात ती लाईन बांधली. तिच्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीची चार इंजिनं आणली. वळणावर त्यांची टोकाची चाकं थोडी तिरकी होत, म्हणून तो घाट त्यांना जमला. आपल्या लोकांनी काय काय केलं याच्या गप्पा निघतात तेव्हा पीरभॉयांचं नाव कुणी घेत नाही, याचं मला नवल वाटतं. असो. खोक्यात निघालं ते विलायतेतलं सहा चाकी इंजिन, मूळ मापाच्या शहात्तराव्या हिश्शाचं, वितीपेक्षाही लहान.

भाग व्हाइट मेटलचे ओतीव होते. कोल्हापूरच्या इंजिन कारखान्यांत बेअरिंगला भरतात त्याच जातीचा धातू. कथील, शिसं आणि थोडं अँटिमनी. नखानं ओरखडा उठेल इतका मऊ. ओतताना कडेला आलेले पापुद्रे कानशीनं काढायचे, पण दोन घासांतच कानशीचे दात भरून जात. अब्बा तेव्हा सत्याहत्तरचे होते, मोतीबिंदू काढलेले. खाटेवरूनच म्हणाले, "मास्तर हैस न्हवं? खडू घास की कानशीला." शाळेतला खडू घासला आणि कानस चालू लागली. मग त्यांनी विचारलं, "ह्यात शिसं हाय?" हो म्हटल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मला चहाचा कप धरू देईनात. कथलात शिसं मिसळणाऱ्या कल्हईवाल्यांशी त्यांचं आयुष्यभर वाकडं होतं.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून धुरांड्याची कड मेणासारखी वितळली. रेडिओ दुरुस्तीचं सोल्डरिंग आयर्न मी थेट टेकवलं होतं. हा धातू अडीचशे अंशांच्या आसपासच पाणी होतो. म्हणून त्याच्यासाठी वेगळा डाख येतो, बिस्मथ घातलेला. तो सत्तर अंशांलाच, म्हणजे पाणी उकळायच्याही आधी वितळतो. आयर्नला रेग्युलेटर लावून घेतला आणि धातूला धातू छान जुळू लागला. धुरांड्याची कडही डाखाचा थर देऊन, घासून सावरली.

अडलं ते पुढंच. इंजिनाचं अंग पांढऱ्या धातूचं, पण खालची पाटी पितळेची. तिच्यावर तो डाख बसेना. थेंब व्हायचा आणि पानावरच्या पाण्यासारखा निसटायचा. दोन दिवस मी घासलं, आम्ल लावलं, पुन्हा घासलं. तिसऱ्या दिवशी अब्बांनी पाटी हातात घेतली, बोटानं चाचपली.

"पितळ उघडं हाय रं. ह्येला काय चिकटणार? आदी कल्हई कर."

मी सूचनांचा कागद पुन्हा काढला. तिसऱ्या पानावर तेच लिहिलं होतं. इंग्रजीत 'टिन' हे क्रियापदही आहे, आणि त्याचा अर्थ कल्हई करणं असाच होतो. सव्वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या मी तिथं डबा असा अर्थ घेऊन पान उलटलं होतं.

अब्बांनी आयर्न मागितलं. साधा डाख, जो एकशे ऐंशीच्या पुढं वितळतो, तो पितळेवर चढवायचा. पण हात थरथरला आणि कोपऱ्यात एक जाडसर थेंब पडला. त्यांनी आयर्न माझ्या हातात दिलं. "तू कर, म्या सांगतो." तापू दे, अजून, आता टेकव, आता पूस. मी कापसाचा बोळा फिरवला आणि पिवळ्या पाटीवर ती जुनी चकाकी सरसरत गेली. बारा वर्षं भाता ओढला, पण बोळा मी त्या दिवशी पहिल्यांदा धरला.

पाटी निवायला ठेवली होती. अब्बा म्हणाले, "त्यो गुरुजी भांडी न्यायला आल्ता. तुम्ही इंजिनावर आस्ता म्हणं, आसं इचारलं."

मला वर बघवेना. "मग?"

"म्हणलं, व्हय, जातो कदीमदी."

पुढची कामं तासाच्या हिशेबानं झाली. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या खुंट्या काटकोनात बसवायच्या असतात, अंशभर चुकलं तरी दांडा अडकतो. त्यात आठवडा गेला. मग सगळं साबणानं धुतलं, अस्तर मारलं आणि वर काळ्या रंगाचे पातळ हात दिले.

रंग वाळल्यावर इंजिन अब्बांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि नाराजीनं म्हणाले, "एवडं चकाकतं केलंस आन् वरनं काळं फासलंस?" मग मी पाटीच्या खालच्या अंगाचा रंग पुसून काढला.

२०१३ साली अब्बा गेले. इंजिन कपाटात आहे. मोटार मागं नीट जाते, पुढं अडखळते. नातवंडं आली की ते उलटं करून दाखवावं लागतं. कोपऱ्यातला तो थेंब कानशीनं साफ करायचा राहिला आहे.