आठ ब्रास रेती

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गाला ‘आमची नदी’ या विषयावर मराठीत दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. उर्दू माध्यमाची मुलं. बहुतेकांनी ‘नदी आपली आई आहे’ असं लिहिलं. एका मुलाने चारच ओळी लिहिल्या. ‘रात्री नदीत जेसीबी चालतो. माझे अब्बा ट्रॅक्टर घेऊन जातात. सकाळी नदीत नवीन खड्डा असतो. आम्हाला तिथे पोहायला मनाई आहे.’ व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी पूर्ण गुण दिले, पण इतरांसारखा त्याचा निबंध वर्गात वाचून दाखवला नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहितेय.

आमचं मालेगाव मोसम आणि गिरणा या दोन नद्यांचं गाव. माझं आजोळ गिरणेच्या काठावरचं. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे जायचो तेव्हा नदी कोरडी दिसायची, पण मुमानी वाटी घेऊन पात्रात बसायची. हातभर रेती उकरली की झिरा लागायचा. गढूळ पाणी दोनदा फेकलं की तिसऱ्यांदा नितळ यायचं. मामूंची विहीर सात परस खोल होती, आणि भर उन्हाळ्यातही त्यात दोन परस पाणी असायचं.

रेती म्हणजे पाण्याची टाकीच. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे जवळपास 2,830 लिटर जागा. तिच्यात कणांमधली पोकळी साधारण तीस टक्के धरली, तरी एका ब्रासमध्ये साडेआठशे लिटर पाणी मावतं. रेती उचलली की ही टाकीही जाते. पात्र खाली गेलं की काठावरच्या विहिरींचं पाणी त्या खोलगट भागाकडे झिरपतं. खड्डा भूजलापर्यंत पोचला तर ते पाणी उघड्यावर येऊन उन्हात उडून जातं. उन्हाळ्यात धरणातून पिण्यासाठी आवर्तन सोडतात तेही आधी खड्डे भरतं, मग पुढच्या गावाला जातं. आणि नवी रेती येणार कुठून? वरच्या अंगाला गिरणेवर चणकापूर आहे, मोसमवर हरणबारी. वरून वाहून येणारी बरीचशी रेती धरणांतच अडकते.

पुराचं गणितही बिघडतं. काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात मामूंच्या शेताची कड कोसळली. लिंबाची दोन झाडं आणि मोटारीची खोली गेली. पूर काही फार मोठा नव्हता. काठालगत खणलेल्या खड्ड्यामुळे पाण्याची धार वळली आणि तिने काठाचा पायाच पोखरला. मामू एवढंच म्हणाले, ‘‘बेटी, खेत नदीने नहीं लिया, गड्ढे ने लिया.’’ पाटबंधारे खाते नकाशावर निळी आणि लाल पूररेषा आखतं. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. पण नदीचा तळ आणि काठच हलले, तर जुन्या रेषेच्या भरवशावर किती राहायचं?

कायदा नाही असं नाही. 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. केंद्राच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नदीपात्रात तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी येईल तिथे थांबायचं. राज्याने 2023 मध्ये डेपोवरून सहाशे रुपये ब्रासने वाळू द्यायचं धोरणही आणलं. पण रात्री दोन वाजता नदीत तीन मीटर कोण मोजणार?

आता माझी गोष्ट. 2014 मध्ये आम्ही गृहकर्ज काढून घर बांधलं. त्याला आठ ब्रास रेती लागली. ती फजरच्या आधी यायची, बाजारभावापेक्षा स्वस्त. मिस्त्री म्हणाला, ‘‘टीचर, पावती नका मागू.’’ मी नाही मागितली. आठ ब्रास म्हणजे जवळपास सात हजार लिटरची टाकी. कोणाच्या विहिरीजवळची, मला माहीत नाही. मामूंच्या असेल का, हा प्रश्न मी त्यांच्यासमोर कधीच काढला नाही.

म्हणून तो निबंध मी वाचला नाही. वाचला असता तर वर्गासमोर मुलगा आणि त्याचे अब्बा उघडे पडले असते, आणि मी मात्र झाकलेली राहिले असते. त्याचे अब्बा पालकसभेला आले होते. आधी लूमवर होते. ‘‘रातपाळी तर तिथेही होती टीचर, इथे पैसे जास्त मिळतात,’’ म्हणाले. मी त्यांना एवढंच सांगितलं, की पोराला नदीवर सोबत नेऊ नका. यापेक्षा जास्त सांगायचा हक्क मला वाटला नाही.

या वर्षी वरची खोली बांधतोय. दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू आणली, पावतीसह. प्लास्टरला बारीक चाळलेली वेगळी घ्यावी लागली. मिस्त्री कुरकुरला. ही वाळूही कुठल्या तरी डोंगरातून आली आहे, हे मी जाणते. मामूंच्या विहिरीला त्याने पाणी येणार नाही, हेही जाणते.

पण तुमच्यापैकी कोणी घर बांधत असेल, तर पहिल्या ट्रॉलीलाच पावती मागा. मी दहा वर्षं उशिरा मागितली.