अद्भुतकथांचा नाद

माणसाला कोणता ना कोणता नाद असावा असे शहाणे लोक म्हणतात. परंतु तो कोणता असावा हे ठरविण्याची वेळ आली म्हणजे हेच लोक फार कंजूष होतात. गाण्याचा नाद असला तर त्यांची हरकत नसते, बुद्धिबळांचा असला तर ते कौतुकही करतात. पण एखादा शिकलासवरलेला गृहस्थ राक्षस, भुयारे, विमाने आणि परग्रहांवरचे पाहुणे यांच्या गोष्टी आवडीने वाचतो असे कळले, की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "या वयात हे काय?" असा प्रश्न येतो. आमच्या पुण्यात तर तो जरा लवकरच येतो, कारण प्रत्येक पुस्तकाला "यातून बोध काय?" असे विचारण्याची येथे जुनी वहिवाट आहे. आम्ही या नादाचे जुने उपासक असल्यामुळे या प्रश्नाला एकदा मोकळ्या मनाने उत्तर द्यावे, अशी पुष्कळ दिवसांची इच्छा आहे.

पहिली गोष्ट ही, की हा नाद काही परक्या वाटेने आपल्या घरात शिरलेला नाही. नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले आहेत. त्यांत अद्भुताला शृंगार आणि वीर यांच्याच पंक्तीला पाट मांडलेला असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव मानला आहे. स्थायी म्हणजे मनात कायम वस्तीला असलेला. बालपण संपताच जागा रिकामी करून जाणारा भाडेकरू नव्हे.

गुणाढ्याची दंतकथा तर आपल्या गोदातीरचीच. सातवाहन राजाच्या पदरी असलेल्या या पंडिताने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचली, आणि राजाने ती हलक्या भाषेतली म्हणून झिडकारली. तेव्हा गुणाढ्याने रानात अग्निकुंड पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावे आणि अग्नीत टाकावे, असा क्रम धरला. रानातली जनावरे चरणे विसरली आणि डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. राजा धावत आला तेव्हा एक लक्ष श्लोक तेवढे शिल्लक होते. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात ही हकीकत सांगितली आहे. खऱ्या चाहत्याचे याहून सुंदर चित्र आमच्या पाहण्यात नाही. त्या हरणांना प्रतिष्ठा नव्हती. म्हणूनच त्यांना संकोचही नव्हता.

प्रतिष्ठा असूनही संकोच न करणारे लोक मात्र आमच्या पुण्याने पाहिले आहेत. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणण्याचे काम कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानाने हाती घेतले. १८७८ साली ते वारले तेव्हा काम अपुरे होते. ते विष्णुशास्त्र्यांनी हरि कृष्ण दामले यांच्या साहाय्याने पुरे केले. निबंधमालेतील ज्या लेखणीचा भल्याभल्यांना धाक वाटे, तीच लेखणी अशा रीतीने चमत्कारांच्या सेवेला लागली. पुढे १९७६-७७ साली गौरी देशपांडे यांनी त्याच अरबी कथांचा समग्र अनुवाद सोळा खंडांत मराठीत आणला.

आता थोडे घरातले सांगतो. आमच्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात आमच्या थोरल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, नाथमाधवांची 'वीरधवल' कोठून तरी मिळविली होती. बीजगणिताच्या पुस्तकाआड ती आजोबांच्या दृष्टीस पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्नानाच्या बंबात गेली. दादाची निम्मीच वाचून झाली होती. त्या रात्री माजघरात अंथरुणे पडल्यावर त्याने आम्हां सात-आठ भावंडांना वाचलेला भाग सांगावयास आरंभ केला. चार रात्रींत तो संपला. पाचव्या रात्रीपासून दादा पुढचे स्वतः रचू लागला. त्यातले नाथमाधवांचे किती आणि दादाचे किती, याची चौकशी कोणी केली नाही.

विधवा होऊन लहान वयातच माहेरी आलेल्या आमच्या आत्या दाराशी वाती वळीत बसत. त्या ऐकतात, हे कोणाच्या ध्यानातही नव्हते. एके रात्री दादाला ताप भरला आणि गोष्ट व्हायची नाही असे ठरले. आम्ही निजण्याच्या बेतात असता अंधारातून त्यांचा हलका आवाज आला, "त्या भुयारातून तो पुढे बाहेर पडला का रे?" वाड्यातल्या प्रत्येकाचे काही ना काही मागणे असे, आत्यांनी स्वतःसाठी काही विचारलेले आम्ही त्या रात्री प्रथमच ऐकले. दादा गप्प होता. तेव्हा जरा थांबून त्यांनी स्वतःच पुढची वाट सांगावयास सुरुवात केली. त्यांची वाट दादाच्या वाटेपेक्षा पुष्कळ लांब होती, आणि तिच्या शेवटी समुद्र होता. आत्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता.

अद्भुतकथा म्हणजे संसारातून पळ काढणे होय, असे कोणी म्हटले, की आम्हांला आत्या आठवतात, आणि स्वतः नाथमाधवही आठवतात. हा शिकारीचा शोकी माणूस सिंहगडावरच्या कड्यावरून कोसळला आणि कमरेखाली लुळा झाला. लेखनाकडे ते वळले ते त्यानंतर. ज्याला अंथरुणावरून उठणे कठीण, त्याने हजारो घरांतल्या तरुणांना घोड्यांवर बसवून दौडविले. याला पळ म्हणावयाचे तर मग पराक्रम कशाला म्हणावे?

विज्ञानाशी या नादाचे वैर आहे, हाही एक गैरसमज. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक म्हणून नाव होते नारायण विनायक जगताप; खरे लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली. हे लपणे लाजेचे नव्हते. गोष्ट स्वतःच्या गुणांवर उभी राहावी एवढ्यासाठी होते. पुण्यात 'आयुका' उभी करणारा हा खगोलशास्त्रज्ञ २०२५ साली निवर्तला, तोवर त्याने विश्वाचे गणित आणि विश्वाचे नवल ही दोन्ही एकाच हाताने लिहिली.

या नादाचा सर्वांत मोठा आनंद मात्र वाचनाच्याही पुढचा आहे, आणि तो म्हणजे दुसरा वेडा भेटण्याचा. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाने नारायण धारपांचे किंवा भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेल्या ज्यूल व्हर्नचे पुस्तक उचलावे, आणि आपल्या तोंडून आपोआप "छान आहे हो!" असे निघावे. मग वय, हुद्दा, पेठ, सारे गळून पडते आणि अर्धा तास कसा गेला ते कळत नाही.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना आमची एवढीच विनंती आहे. नात हॅरी पॉटर घेऊन कोपऱ्यात बसलेली दिसली, तर तिला बोध विचारू नये. जवळ बसावे आणि पुढे काय झाले ते विचारावे. कदाचित आपल्या घरातही कोणी तरी दाराशी गुपचूप ऐकत बसलेले असेल.