कपडे घ्यायला निघण्याआधी

चि. सोनू हिस,


दहावीचा निकाल चांगला लागला, अकरावीला प्रवेशही मिळाला आणि आता घरात कपड्यांच्या यादीवरून तुझी नि आईची रोज खडाजंगी चाललीय, हे कळलं. परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, तुम्ही सुरतेला शाळेत होतात तेव्हा काय घालायचात? फॅशन वगैरे होती का?" दोन वाक्यांत उत्तर देणं मला जमलं नाही. आता तू आयुष्यात पहिल्यांदा गणवेशाशिवाय वर्गात बसणार आहेस. त्याआधी हे तुला नीट सांगावंसं वाटलं.

फॅशन होती, सोनू, आणि आमचा सगळा जीव तिच्यात होता.

मी १९८२ साली आठवीत गेले. आम्ही सुरतेच्या लिंबायत भागात राहायचो. आसपासची बहुतेक घरं धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. कोरडवाहू शेतीत भागेना की लोक उधन्याची गाडी पकडायचे. तुझे आजोबा उधन्याला लूमच्या खात्यात होते. तिथं कारखान्याला खातंच म्हणतात. बारा तासांची पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. लूमच्या खडखडाटात वर्षं काढून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे घरातही ते मोठ्यानं बोलत. रात्रपाळी करून आले की दुपारी झोपायचे, आणि आम्ही दोघी बहिणी अभ्यासाची पानंसुद्धा हळू उलटायचो.

प्राथमिक शिक्षण महापालिकेच्या मराठी शाळेत झालं. आठवीपासून गुजराती माध्यमाचं हायस्कूल. बाईंच्या जागी बेन आल्या, मधल्या सुट्टीची रिसेस झाली. माझ्या डब्यातली भाकरी-ठेचा नि मैत्रिणीच्या डब्यातले थेपले यांची अदलाबदल पहिल्याच आठवड्यात सुरू झाली. थंडीत कुणीतरी पोंक आणायचं, हुरडाच तो, पण वर लिंबू-मिऱ्याची शेव घालून. भाषा यायच्या आधी दोस्ती झाली.

गणवेश पांढरा शर्ट, निळा स्कर्ट, दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी. नखं रंगवायची नाहीत, केस मोकळे सोडायचे नाहीत. एवढ्या कुंपणातही आम्ही आपापली जागा काढलीच. वेण्या दुमडून रिबिनीचं फूल कानाच्या वर बांधायचं की खाली, मोजे घोट्यापर्यंत दुमडायचे की ताणून वर घ्यायचे, यावर आमचे गट पडलेले असत. स्कर्टच्या चुण्या रात्री ओल्या फडक्यावरून इस्त्रीनं दाबायच्या आणि स्कर्ट गादीखाली सरळ पसरून ठेवायचा. टेरिकॉटला, म्हणजे पॉलिएस्टर-सुती मिश्र कापडाला, एकदा घडी बसली की संध्याकाळपर्यंत हलायची नाही. पॉलिएस्टरच्या धाग्याला उष्णता देऊन बसवलेला आकार टिकतो, हे त्यामागचं कारण मला फार पुढे समजलं. मुलं शर्टाच्या बाह्या दोनदा दुमडायची, कॉलरखाली रुमाल खोवायची, कानावर केस वाढवायची. मागच्या खिशात कंगवा नसलेला मुलगा वर्गात सापडणं कठीण होतं. पॅंट मात्र गणवेशाची, तरी बेलबॉटमचा घेर कमी करून सरळ पॅरलल शिवून घेण्यासाठी ती शिंप्याच्या मागे लागायची.

नवं काय आलं ते सिनेमा सांगायचा. १९८२ च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' आला, १९८३ साली 'हिम्मतवाला'. मग शिंप्याच्या दुकानात मासिकांतून कापलेले फोटो लागायचे आणि मुली बोट ठेवून म्हणायच्या, अश्शी बाही. बाही शिवायला कापड लागतं, आणि कापडाच्या बाबतीत आम्ही अख्ख्या देशातल्या मुलींपेक्षा नशीबवान होतो.

आजोबांच्या लूमवरून उतरणारं कापड पांढरट, बिनरंगाचं. त्याला ग्रे म्हणतात. ते पांडेसऱ्याच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगून-छापून निघायचं आणि रिंग रोडच्या मार्केटांतून देशभर जायचं. म्हणजे विणणाऱ्याला आपलं कापड रंगात कसं दिसतं हे बाजारात गेल्याशिवाय कळत नसे. थानातून उरलेले किंवा दोष राहिलेले तुकडे, म्हणजे फेंट, किलोवर विकायला यायचे. आजोबा सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायचे. ढिगातला तुकडा उचलून उजेडाकडे धरायचे, अंगठा आणि तर्जनीत चोळायचे आणि सांगायचे, इथं ताण्याचा धागा तुटलाय, इथं वाण्याचा भरणा कमी पडलाय. मग दोष शिवणीत दडेल असा तुकडा निवडून द्यायचे. कापड पारखायला मी तिथं शिकले.

त्याच वर्षांतली दुसरी गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत आमचे मामाही होते, लालबागला राहणारे. संप लांबत गेला, गिरण्यांचं सुती कापड बाजारातून कमी झालं आणि भिवंडी, मालेगाव, सुरतेच्या यंत्रमागांना काम वाढलं. त्याच साली पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. आमच्या घरात रंगीबेरंगी फेंट येत होते तेव्हा मामांच्या घरी पगार येत नव्हता. शेवटी मामा काम शोधायला सुरतेला आमच्याकडे येऊन राहिले. ताटाला ताट लावून दोघं मेहुणे जेवायचे, एक बंद गिरणीतला, एक चालत्या लूमवरचा, आणि दोघंही फारसं बोलायचे नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीलाही त्यातून कळलं की अंगावरच्या कपड्याचा कुणाच्या तरी चुलीशी संबंध असतो.

१९८३ च्या एप्रिलमध्ये भानू अथय्यांना 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. मूळच्या कोल्हापूरच्या. ते जॉन मोलो यांच्यासोबत विभागून मिळालं होतं, आणि भारताच्या वाट्याला आलेलं पहिलंच ऑस्कर. तुझ्या आजीनं ही बातमी पेपरातून वाचून घेतली आणि ठरवलं, पोरीला मशीन शिकवायचं. आजोबांनी मान डोलावली. शेजारच्या काकूंकडे पायमशीन होतं, पण शाळेतून वेळ मिळेना. वेळ मिळाला तो माझ्या दहावीच्या वर्षी. १९८५ च्या सुरुवातीला गुजरातेत राखीव जागांच्या प्रश्नावर आंदोलन पेटलं आणि शाळा-कॉलेजांचं वेळापत्रक पार विस्कटलं. परीक्षा, निकाल, पुढचे प्रवेश, कशाचाच भरवसा वाटेना. काळजीनं जीव खालीवर होत असताना मी काकूंच्या मशीनवर बसले.

पहिला ड्रेस फुग्याच्या बाह्यांचा. जॉर्जेटचा फेंट, जांभळ्यावर पांढरे ठिपके. बाही जोडली आणि फुगा खाली पडला. सुती कापड चुण्यांवर उभं राहतं, पॉलिएस्टर जॉर्जेट अंगाबरोबर ओघळतं. काकूंनी बाही उसवायला लावली आणि खांद्याच्या शिवणीत आतून कडक नेटची पट्टी चुणून बसवली. फुगा उभा राहिला. शिवणीत नेट टोचू नये म्हणून वर जुन्या सुती लुगड्याची पट्टी लावली. कडेचे धागे सुटू नयेत म्हणून काठाला उदबत्तीचं टोक लावून ते वितळवून घेतले. इस्त्री कोमट, वर सुती फडकं, नाहीतर कापडाला चकाकी येते. मे महिन्यात तो ड्रेस पाठीला चिकटायचा, घाम शोषायचा नाही. तरी घातला. धुतला की तासाभरात वाळायचा, विरायचा नाही, रंग जायचा नाही. हातावर पोट असलेल्या घरांनी हे कापड का उचललं ते त्यात आलं.

अकरावीला माझी जळगावची चुलतबहीण मू. जे. कॉलेजात गेली. महाराष्ट्रात अकरावी-बारावी म्हणजे ज्युनिअर कॉलेज. ती पंजाबी ड्रेस घालून, खांद्याला पर्स लावून जायची. आमच्या गुजरातेत अकरावी-बारावी शाळेतच, म्हणून मी आणखी दोन वर्षं निळ्या स्कर्टात. तिच्या पत्रांतून ओढणीचे रंग वाचताना मला हेवा वाटायचा. सगळी हौस मी नवरात्रात आणि बारावीच्या निरोप समारंभात भागवली. समारंभाला सगळ्या मुली साड्यांत. आईची छापील साडी नेसले आणि त्या दिवशी बेनसुद्धा माझ्याशी मोठ्या बाईशी बोलावं तसं बोलल्या. त्या वयात कपड्याकडून आपल्याला हेच हवं असतं, सोनू. लोकांनी आपल्याला वेगळ्या नजरेनं पाहावं. तुझी यादी मला म्हणूनच मुळीच उथळ वाटत नाही.

तुझ्या आईची वेळ आली १९८९ साली. ती आठवी-नववीत. 'चांदनी' आला आणि पांढरा चुडीदार नि रंगीत ओढणी याशिवाय तिला काही दिसेना. वर्ष संपता संपता 'मैंने प्यार किया' आला, मग 'फ्रेंड' लिहिलेली टोपी. तिचा चुडीदार मी शिवला. चौटा बाजारातून पांढरी ओढणी आणून घरीच बांधणीसारखी गाठ मारून रंगवली. ती घेऊन तुझी आई अख्ख्या लिंबायतमध्ये मिरवली. तिला आता यादीवरून कुरकूर करू देऊ नकोस, ही ओढणी आठव म्हणून सांग.

आता माझं सांगणं. तू नाशकात जो ड्रेस घेशील त्याचं कापड बहुधा सुरतेचं असेल. दुकानात जाण्याआधी त्याची वाट डोळ्यांसमोर आण. कुणीतरी बारा तास लूमवर उभं राहून ते विणलं. कुणीतरी वाफेत नि रसायनांत उभं राहून रंगवलं. लिंबायतच्या चाळींत आजही आपल्या बायका घरी बसून साड्या-ड्रेसना लेस लावतात, टिकल्या-खडे चिकटवतात, सुटलेले धागे कापतात. मोबदला नगावर, आणि तो फार थोडा. पाच-सहा तास मान खाली घालून केलेल्या त्या कामाची किंमत लेबलवर कुठेच दिसत नाही. चार धुण्यांत फेकून द्यायचा ड्रेस घेतेस तेव्हा तू पैशांबरोबर हे सगळे तासही फेकतेस.

म्हणून हौस कर, पण डोळसपणे. ड्रेस उलटा करून शिवण बघ. काठ दुमडलेत की नुसते कापलेत ते पाहा. कापड चोळून बघ, उजेडात धर. आठ घेण्यापेक्षा चार घे, आणि त्यांतला एक तरी स्वतः शिव. मशीन तुमच्या घरी पडून आहे, तुझ्या आईला सगळं येतं. स्वतःच्या हातानं एक बाही जोडली की दुसऱ्याच्या शिवणीची किंमत आपोआप कळते, मग कुणाला ती शिकवावी लागत नाही.

मी अडीच मीटर सुती कापड कुरिअरनं पाठवतेय. मापं घेताना शिवणीला भरपूर सोड, पहिल्या ड्रेसला उसवावं लागतंच. दिवाळीच्या सुट्टीत इकडे ये. खातं दाखवीन, पांडेसऱ्याला नेईन, लेस लावणाऱ्या माझ्या मैत्रिणींकडे बसू. तुझ्या आजोबांच्या पिढीनं ज्यांच्यासाठी कापड विणलं त्यांतली एकही मुलगी त्यांना भेटायला आली नाही. आपल्या घरातली तरी यावी, एवढी माझी इच्छा आहे.

आईला सांभाळून घे. मन लावून शीक, आणि छान दिस.

तुझी,
सुरतची मावशी