पालकाची सही

प्रगतिपुस्तकात ‘पालकाची सही’ या शब्दांपुढे जी एकच आडवी रेघ असे, तिच्यावर माझ्या बाळपणी वडिलांच्या वळणदार मोडी सहीखेरीज काही उमटल्याचे मला स्मरत नाही. तथापि ते पुस्तक आईच्या नजरेखालून गेले आहे, याची खातरजमा केल्यावाचून वडिलांनी दौतीचे झाकण कधी उघडले नाही.

घर ही कचेरी मानली तर मूल हा तिच्यातील सर्वांत धूर्त अर्जदार होय. कोणता अर्ज कोणापुढे गुदरला असता फैसला अनुकूल होईल, हे त्याला उपजतच कळते. गणितात गुण घसरले की मी भिडस्त वडिलांना गाठी; परंतु “आईनं पाहिलं का?” एवढ्या पृच्छेने माझा अर्ज परत येई. त्यांच्यात मतभेद नव्हते असे नव्हे. निजानीज झाल्यावर माजघरातून दबकी तकरार ऐकू येई, सकाळी मात्र हुकूम एकच असे. मुलाने आईबापांचा मतभेद पाहूच नये, या मताचा मी नाही. त्याला त्यात साक्षीदार म्हणून उभे करू नये, इतकेच.

पालकत्व दोघांचे, हे शहाणपण कायद्याला उशिरा सुचले. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने आधी पिता व ‘त्याच्यानंतर’ माता असा क्रम लावला होता. गीता हरिहरन यांनी, पालक या नात्याने आईने सही करावी असे पतिपत्नींनी मिळून ठरवून, मुलाच्या नावे रोख्यांसाठी केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने पित्याच्या सहीसाठी परत धाडला; आणि ‘त्याच्यानंतर’ म्हणजे मृत्यूनंतरच असे नव्हे, हा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाकडून यायला १९९९ साल उजाडले.

तोवर माझ्या कन्येच्या प्रगतिपुस्तकावर, रेघ एकच असल्याने, पत्नीची सही माझ्या सहीवर रेलून बसू लागली होती. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माजघर नव्हते. सबब सहलीवरून वा शिकवणीवरून खटका उडाला की तो तहकूब ठेवून, जेवणानंतर विडा आणण्याच्या मिषाने आम्ही दोघे बाहेर पडत असू, आणि पुष्कळदा विडा आणायचा राहूनच जाई.

आता नातवाच्या शाळेचा निरोप त्याच्या आईबापांच्या मोबाइलवर एकाच क्षणी येतो. एकेकाला स्वतंत्रपणे गाठण्याची सोय उरली नाही, म्हणून नातू थेट माझ्याकडे येतो. मला वरिष्ठ न्यायालय कोणी नेमले, हे त्याच्या आईने अद्याप विचारलेले नाही.